बाहेरच्या बिजागऱ्या

बाबा गेले तेव्हा आमच्या घरात दोन बायका आणि एक दुनळी बंदूक उरली. बायकांचं काय करायचं हे लोकांनी तेराव्याच्या आतच ठरवून टाकलं. आई माझ्यापाशी राहील, मी पेडण्याच्या शाळेत शिकवत राहीन, आणि माझं लग्नाचं वय उलटून गेलेलं असल्यामुळे त्या विषयावर कोणी तोंड वाजवायची गरज नव्हती. बंदुकीबद्दल मात्र जो येई तो बोले.

ती शेताच्या राखणीची बंदूक. मोपाच्या पठारी सड्याखाली आमची काजूची बाग, आणि बागेच्या खालच्या अंगाला भाताचे चार कुणगे. भात दाण्यावर आलं की रानडुकरं उतरायची आणि एका फेरीत अर्धा कुणगा लोळवून जायची. बाबा वर्षाला दोन-चारच बार काढत, तेही बहुतेक हवेत. त्यांच्या माघारी परवाना माझ्या नावावर व्हावा म्हणून मी अर्ज केला. पणजीला सहा खेपा झाल्या. तेवढा काळ बंदूक नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात पडून होती, आणि आमच्या भातात डुकरं मोकाट होती. गोवा राज्य झालं त्याच पावसाळ्यात परवाना हातात पडला आणि मी बंदूक घरी आणली.

शेजारच्या घरात बाबांचे चुलतभाऊ राहत. मी त्यांना काका म्हणत असे. त्यांच्या आणि आमच्या अंगणाच्या मध्ये कंबरभर उंचीचा दगडी गडगा होता. त्यांचा जावई त्यांच्याकडेच राहायला होता. बंदूक आली त्या संध्याकाळी काका गडग्यापाशी येऊन म्हणाले, "चेडवा, बायलांच्या घरात बंदूक शोभत नाय. जावयाच्या नावार कर. तो राखील तुमचं शेत."

"भात माझं, डुकरं माझ्या भातात, मग बंदूक जावयाची कशी, काका?" मी म्हटलं.

त्यांनी ते हसण्यावारी नेलं. मी हसत नव्हते.

बाबांसारखीच मी ती त्यांच्या लाकडी कपाटात ठेवली. कपाटाला पितळेचं जुनं कुलूप होतं. खरं सांगायचं तर त्या कुलपाकडे मी कधी नीट पाहिलंही नव्हतं. बाबा लावायचे म्हणून मीही लावत होते.

कापणी झाल्यावरची गोष्ट. आई एका कार्याला डिचोलीला गेली होती आणि मी शाळेत होते. दुपारी परत आले तर मागचं दार नुसतं लोटलेलं. माजघरात बाबांचं कपाट उघडं पडलं होतं. कुलूप तसंच बंद, पण कोयंड्याचे स्क्रू लाकडासकट उपटून आले होते आणि ते कुलूप कोयंड्याला लोंबत होतं. आईची चांदीची भांडी, रेडिओ, बाबांचं घड्याळ, सगळं गेलं होतं. कपाटाच्या ज्या कोपऱ्यात बंदूक उभी असायची तो रिकामा होता.

घड्याळ गेलं तर आपण रडू. बंदूक गेली तर ती उद्या कोणाच्या छातीवर रोखली जाईल, आणि तिच्या कागदावर नाव माझं असेल. मी तशीच ठाण्यावर गेले आणि वर्दी दिली. फौजदार आणि एक शिपाई माझ्याबरोबर आले. काका आणि जावईही येऊन उभे राहिले. तेवढ्यात डिचोलीच्या बसमधून उतरून आई आली. तिने उघडं कपाट पाहिलं, आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बंदूक गेली नाही. कणगीत आहे."

कणगी म्हणजे आमची भाताची मोठी बांबूची टोपली, माणसाच्या छातीएवढी उंच. बाबांची बंदूक समोर दिसली की आईच्या घशाखाली घास उतरत नसे, म्हणून तिने मला न सांगता ती भातात पुरून ठेवली होती. काकांच्या जावयाने आणि शिपायाने भात उपसून ती बाहेर काढली. नळ्यांत तूस भरलं होतं.

फौजदार तरुण होता, पण आवाज मोठा काढायचा. "हे बंदूक ठेवण्याचं ठिकाण? बाई, चोरांच्या गाढवपणामुळे वाचलात." मग जबानीचा कागद पुढे ओढत त्याने विचारलं, "कोंकणीत लिहून देता की मराठीत?" राजभाषेवरून गावोगाव माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती ते दिवस. त्या प्रश्नात टोमणा होता, हे मला कळलं.

"मी बोलते ते ऐका आणि लिहिते ते वाचा," मी म्हटलं. "दोन्ही माझंच आहे."

त्याने पंधरा दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात भक्कम बंदोबस्त दाखवायचा, नाहीतर बंदूक ठाण्यात जमा. काका लगेच म्हणाले, "जमाच करून टाक. तुका कित्याक व्हयी ती बंदूक?" आईही त्यांच्याच बाजूने बोलली. एका चोराने दार फोडलं म्हणून माझ्या बापाची वस्तू मी हवाली करायची, हे मला पटत नव्हतं. चूक बंदुकीची नव्हती आणि माझ्या बाईपणाचीही नव्हती. चूक कोयंड्याची होती.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर मी म्हापशाला गेले. बाजारात लोखंडी सामानाचं एक जुनं दुकान होतं. मालक म्हातारे होते, कानाने थोडे कमी. मी त्यांना म्हटलं, घरी चोरी झालीय, तुमच्याकडचं सगळ्यांत मोठं कुलूप दाखवा. त्यांनी नारळाच्या करवंटीएवढं एक कुलूप काढून माझ्या हातात दिलं. वजनदार होतं. मला एकदम धीर आला.

"पसंत?" त्यांनी विचारलं.

"पसंत."

त्यांनी ते परत घेतलं, दुकानाच्या पायरीवर आडवं धरलं आणि हातोडीचा एक घाव बाजूने घातला. कडी टणकन उघडली.

"हे चोराला दाखवायचं कुलूप," ते म्हणाले. "भल्या माणसाला अडवतं. बाय, तुझं काय फोडलं होतं? कुलूप की कोयंडा?"

"कोयंडा."

"मग कुलूप कशाला बदलतेस?"

बाहेर लोंबणाऱ्या कोणत्याही वस्तूला पहारेचं टोक लागतं, हे त्यांनी मला समजावून दिलं. पहारेला धरायला जागाच मिळता कामा नये. म्हणून कुलूप दाराच्या आत बसणारं हवं, बाहेर दिसायला फक्त चावीचं भोक. त्यांनी आठ लिव्हरचं एक कुलूप उघडून दाखवलं. आत पितळेच्या पातळ पट्ट्या एकावर एक होत्या. चावीच्या प्रत्येक दाताने आपापली पट्टी नेमकी तेवढीच उचलली पाहिजे, तरच जीभ मागे सरकते. तारेने एक पट्टी उचलेल कोणी, आठ एकदम कशा उचलणार? "पण," ते म्हणाले, "हे पत्र्याच्या कपाटाला लावशील तर चोर कुलपाकडे ढुंकूनही बघणार नाही. मागचा पत्रा मासळीच्या डब्यासारखा कापील. आधी पेटी बघ, मग कुलूप घे."

ते त्यांनी मला त्या दिवशी विकलंच नाही. पेटी ठरल्यावर ये म्हणाले.

पेटी कोण करील, हे मला बसमध्ये सुचलं. पेडण्याला बदली होण्याआधी मी डिचोलीत तीन वर्षं शिकवलं होतं. तिथे एका वेल्डरची मुलगी माझ्या वर्गात होती. बेळगावकडचा माणूस, खनिजाचे ट्रक दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात कामाला. ट्रकच्या मोडक्या हौद्यांची जाड प्लेट त्याच्याकडे पडलेली असे. मी त्याच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. तो उकिडवा बसून जमिनीवर काडीने आकृती काढत ऐकत होता.

"पेटी करतो, बाई," तो म्हणाला. "पर कुलूप तुम्ही आणा. आन् किल्ली मला दावू बी नका."

"का?"

"उद्या तुमच्याकडं काय बी झालं तर पयलं नाव माझं घेतील. म्हनून."

हे तो रागाने बोलला नाही. पाऊस येणार म्हणावं तसं बोलला. मला लाज वाटली, कारण ते खरं होतं. बातमी गावात पोचली तसे काका गडग्यापाशी आलेच. "त्या घाट्याक घर दाखवतलंस? चोरी कोणी केली असतली, कळत नाय तुका?"

"तुम्हाला कळलंय का, काका? मग फौजदाराला सांगा," मी म्हटलं. "मला कळलेलं नाही, म्हणून मी कोणाचं नाव घेत नाही."

पुढच्या रविवारी तो पेटी घेऊन रिकाम्या ट्रकमधून आला. बरोबर त्याची बायको होती. पेटी उंच, अरुंद आणि काळी होती. आमच्या भिंती चिऱ्याच्या. त्याने छिन्नीचं टोक चिऱ्यात दाबलं तर लाल भुगा खाली आला. "ह्यो दगड नव्हं, खरवस हाय," तो म्हणाला. "बोल्ट धरायचा न्हाई." मग त्याने माजघराच्या कोपऱ्यातले दोन चिरे काढले, तिथे आणि खाली जमिनीत काँक्रीट भरलं आणि त्यात चार गज वाकवून पुरले. गजांची टोकं पेटीच्या आत आली आणि नट आतूनच आवळले. कोपराच का? तर पहार फिरवायला माणसाला हात पसरावे लागतात, आणि तिथे दोन्ही बाजूंना भिंत होती.

दाराच्या बिजागऱ्या बाहेर होत्या. ते मला खटकलं. "ह्या कापल्या तर?"

तो पहिल्यांदाच हसला. त्याने दार उघडून मला आतली कड दाखवली. बिजागरीच्या बाजूला दोन जाड लोखंडी दात जोडले होते. दार लागलं की ते चौकटीच्या मागे जाऊन बसत. "कापू द्या की. दार जागचं हलायचं न्हाई. बिजागऱ्या फकस्त उघडझाप करायला. धरून ठेवतंय ते आतलं."

कुलूप मी म्हापशाहून आणलं होतंच. काँक्रीट वाळल्यावर, त्याने सांगून ठेवल्याप्रमाणे, मी ते स्वतः आतून चार स्क्रूंनी बसवलं. त्यासाठी तो पुन्हा आमच्या घरी आला नाही. काडतुसांसाठी त्याने वेगळी लहान पेटी करून दिली होती. ती मी दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात ठेवली.

पंधराव्या दिवशी फौजदार आला. त्याने पेटीला खांदा लावून पाहिला, दार ओढून पाहिलं. "ठीक आहे," तो म्हणाला. "चावी कुठे ठेवणार?"

"ते मी तुम्हालाही सांगणार नाही."

शिपाई तोंड फिरवून हसला. फौजदाराने कागदावर सही केली.

पुढच्या उन्हाळ्यात आईचा मोतीबिंदू काढायला आम्ही पणजीला गेलो. तीन दिवस इस्पितळात काढले. परत आलो तर दारं दोन्ही शाबूत, कुलपं शाबूत, आणि माजघरात ऊन पडलेलं. वर पाहिलं तर कौलं काढलेली. मी दारांचा विचार केला होता, जनेलांच्या गजांचा केला होता, कौलांचा केला नव्हता.

पेटीची एक बिजागरी पुरती कापलेली होती आणि दुसरी अर्धी. करवतीची मोडकी पाती खाली पडली होती. कोपऱ्यातला चुना खरवडून काँक्रीटपर्यंत नेला होता आणि तिथेच सोडून दिला होता. मी चावी काढली. ती माझ्याबरोबर पणजीला होती, परकराच्या आत शिवलेल्या खिशात. एक बिजागरी तुटलेली असूनही कुलूप सरळ फिरलं. दार कलंडलं, मी ते अंगावर तोलून धरलं. बंदूक जागच्या जागी होती.

चावीसाठी त्यांनी घर उलथं केलं होतं. देवांच्या तसबिरी पालथ्या, मिठाची बरणी, चहाचा डबा, सगळं ओतलेलं. आणि कणगीतलं भात माजघरभर पसरलेलं.

आई डोळ्यावर पट्टी घेऊन उभी होती. तिच्या पायाला भात लागलं. तिने खाली वाकून हात फिरवला. "कणगी कोणी उपसली?" तिने विचारलं. माझ्या डोक्यात तेव्हा काहीच शिरलं नाही.

मी वर्दी दिली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकापाशी एक बाई उभी दिसली. वेल्डरची बायको. तीन बस बदलून आली होती. "बाई, मालकास्नी नेलंय तुमच्या पेडण्याच्या पोलिसांनी. सकाळच्या पारी."

हेडमास्तरांना सांगून मी तशीच निघाले, खडूच्या हातांनी. ठाण्यात तो बाकावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांत धरून. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. काका फौजदारासमोरच्या खुर्चीत बसले होते.

"ह्याला कशाला आणलंत?" मी विचारलं.

"पेटी ह्याने केली. कुठे काय आहे ते ह्यालाच ठाऊक," फौजदार म्हणाला.

"म्हणूनच हा नव्हे." माझा आवाज चढला आणि मी तो चढू दिला. "तुम्ही पेटी पाहिलीत ना? काय कापलंय? बिजागऱ्या. त्या कापून दार उघडत नाही, हे ह्या माणसाने मला स्वतः दाखवलंय. दाराच्या आत दात आहेत, ते ह्यानेच जोडलेत. हा आला असता तर ह्याने तीन पाती बिजागऱ्यांवर कशाला मोडली असती? हा आपला गॅस घेऊन आला असता आणि नेमकं कुलपावर कापलं असतं. जो आला त्याला पेटीचं काही माहीत नव्हतं. पण घराचं माहीत होतं."

"म्हणजे?"

आईचा प्रश्न मला तेव्हा आठवला. "कणगी उपसलीय," मी म्हटलं. "बंदूक कधीकाळी कणगीत होती, हे कोणाकोणाला माहीत आहे? मला, आईला, तुम्हाला, तुमच्या शिपायाला." मी काकांकडे वळले. "आणि शेजारच्या घराला."

काका उठून उभे राहिले. "तोंड सांभाळ!"

"मी कोणाचं नाव घेतलेलं नाही, काका. जेवढं माहीत आहे तेवढंच सांगतेय. ह्या माणसाला सोडा. नाहीतर मी इथेच बसते, आणि माझी पहिलीपासूनची पोरं शोधत आली तर त्यांनाही इथेच बसवते."

फौजदाराला बिजागऱ्यांचा मुद्दा पटला होता, एवढं तोंडावरून कळत होतं. त्याने शिपायाला खूण केली. वेल्डर उठला, बाहेर पायरीवर त्याची बायको होती तिच्याजवळ गेला. मला तो एवढंच म्हणाला, "बिजागरी बसवून द्याया येतो रविवारी." आणि आला.

महिनाभराने सावंतवाडीच्या बाजूला चोरीच्या मालासकट दोघेजण सापडले. त्यांनी कबूल केलं की दोन्ही वेळा घर कधी रिकामं असतं ते काकांच्या जावयाने सांगितलं होतं. भांडी आणि रेडिओ त्यांचे, बंदूक त्याची, असा त्यांचा करार होता. पहिल्या वेळी ती मिळाली नाही, म्हणून दुसरी खेप. काकांना ह्यातलं काहीही माहीत नव्हतं. तेव्हाही मला तसंच वाटलं आणि आजही वाटतं.

ह्या वेळी काका गडग्यापाशी थांबले नाहीत. घरात येऊन आईसमोर बसले. "वहिनी, घरचं माणूस आहे. पोरीचा संसार आहे. हिला सांग, जबानी मागे घे म्हणावं. चोरांची पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. कणगीची गोष्ट काढून टाकली की काही उरत नाही."

मला वाटलं, आई आता माझ्याकडे बघणार. ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "भाऊजी, त्या बेळगावच्या माणसाला धरून नेलं तेव्हा त्याच्या बायकोचा संसार नव्हता? तेव्हा तुम्ही खुर्चीत बसला होता. जबानी राहील."

आयुष्यभर त्या माणसासमोर पदर सारखा करणारी माझी आई.

खटला पेडण्याच्या कोर्टात उभा राहिला. मी जबानी दिली, मराठीत, शब्द न शब्द तोच. त्यांच्या वकिलाने विचारलं, लग्न न झालेल्या बाईला बंदूक कशाला लागते? मी म्हटलं, लग्न झालेल्यांच्या शेतात डुकरं वेगळी येतात का? न्यायाधीशांनी वकिलाला पुढचा प्रश्न विचारायला सांगितलं. जावयाला शिक्षा झाली. काकांच्या घराने आमच्याशी बोलणं टाकलं. गणपतीला येणं-जाणं थांबलं, त्यांच्या नातवाच्या बारशाचं बोलावणं आलं नाही. गावातही काहीजण म्हणाले की हिने स्वतःच्या घरावर पोलीस घातले. म्हणू देत. ज्या चार बायका एकट्या राहत होत्या त्या मात्र दारांची मापं घेऊन माझ्याकडे यायला लागल्या, आणि मी त्यांना म्हापशाला घेऊन जात असे.

निकाल लागला त्या दिवशी घरी जायला एकच बस होती. काका पुढे बसले होते, मी मागे. थांब्यावर आम्ही दोघंच उतरलो. पायवाट एकच, दोन्ही बाजूंना काजू. ते पुढे, मी दहा पावलं मागे. चढावर त्यांना दम लागला. ते बाजूला झाले आणि वाट मोकळी करून उभे राहिले, मी मान खाली घालून पटकन निघून जावं असं.

मी थांबले. त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांनी नजर वळवली नाही, मीही वळवली नाही. मग मी वाटेच्या मधोमध चालत पुढे गेले, नेहमी चालते त्याच चालीने.